तुमच्या प्रस्तावात शेतकरी बजेटच्या कोणत्या रकान्यात आहे?

शाश्वत शेतीवर पीएचडी करायची असं ठरवून लिहिलेले संशोधन प्रस्ताव वाचले, तर बहुतेकांची रचना ठरलेली दिसते. पहिल्या दोन पानांवर हवामान बदल, जमिनीची धूप आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या अडचणी. मग दहा-बारा पानं पद्धती, उपकरणं, संख्याशास्त्र. आणि अगदी शेवटी चार-पाच ओळी: 'संशोधनाचे निष्कर्ष मेळावे व पुस्तिकांच्या माध्यमातून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविण्यात येतील.'

या चार-पाच ओळींना आपण 'विस्तार' म्हणतो. पहिल्या पानावर ज्यांच्या नावाने पैसे मागितले, ते शेतकरी थेट शेवटच्या परिच्छेदात भेटतात, तेही श्रोते म्हणून.

तुमच्यातले अनेक जण पुढच्या वर्षभरात सिनॉप्सिस लिहितील, फेलोशिपच्या मुलाखती देतील किंवा गाईडच्या ग्रँटसाठी मसुदा करून देतील. तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा: संशोधन कोणासाठी आहे हे प्रस्तावनेवरून कळत नाही, बजेटवरून कळतं. ज्या कामासाठी रकाना नाही, ते काम होत नाही. कोणाची नियत वाईट असते म्हणून नव्हे. त्या कामाचं बिल कुठे लावायचं हेच कोणाला माहीत नसतं. म्हणून हा लेख निधीबद्दल आहे. तो कुठून येतो, कुठे अडतो, आणि पहिल्याच प्रस्तावात आपल्या हातात काय असतं, ते क्रमाने पाहू.

'वंचित शेतकरी' म्हणजे नेमकं कोण?

हा शब्द प्रस्तावात सैलपणे वापरला जातो. 'अल्पभूधारक' म्हटलं की झालं, असं वाटतं. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या सुमारे ८६ टक्के वहिती खातेदारांकडे दोन हेक्टरपेक्षा कमी जमीन आहे, आणि सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर आहे. म्हणजे 'आम्ही अल्पभूधारकांसोबत काम करू' या वाक्याने दहातले आठ-नऊ शेतकरी आत येतात. निवड अशी काही झालीच नाही.

खरी निवड नंतर, नकळत होते. तुम्ही तालुक्याच्या गावी जाता, कोणाला तरी विचारता, 'चाचणीसाठी वीस शेतकरी सुचवा.' यादी मिळते. ती तीन चाळण्यांतून आलेली असते.

पहिली चाळणी सातबाऱ्याची. ज्याच्या नावावर जमीन, तो शेतकरी. त्याच गणनेत वहिती खातेदारांमध्ये महिलांचा वाटा सुमारे १४ टक्के होता. बियाणं निवडणं, साठवणं, लावणी, निंदणी ही कामं करणाऱ्या बायका या चाळणीतून गळतात. खंडाने किंवा बटईने कसणारे गळतात. वनहक्काच्या जमिनीवर कसणाऱ्यांचे कागद वेगळे असतात, त्यामुळे तेही मागे राहतात.

दुसरी चाळणी रस्त्याची. यादी करणाऱ्या माणसाकडे आधीच पाच गावांची कामं असतात. तो रस्त्यालगतची, फोन लागणारी, आधीच्या योजनेत सहभागी झालेली नावं देतो.

तिसरी चाळणी पाण्याची. चाचणी फसू नये असं सगळ्यांनाच वाटतं, म्हणून विहीर किंवा बोअर असलेला 'प्रगतशील' शेतकरी निवडला जातो.

आता तुमच्या डेटाकडे बघा. तुम्ही लिहिणार 'कोरडवाहू भागातील शेतकरी', आणि तुमचे आकडे येणार संरक्षित पाणी असलेल्या, रस्त्याकडेच्या, पुरुष खातेदारांच्या शेतातून. हा केवळ सामाजिक न्यायाचा मुद्दा नाही. ही सरळ सरळ नमुना निवडीतली चूक आहे, आणि परीक्षकाने ती पकडली तर प्रबंध अडचणीत येतो. चाळण्या ओलांडायला वेळ लागतो, प्रवास लागतो. म्हणजेच पैसे लागतात.

पैसा येतो कुठून?

ही पूर्ण यादी नाही. प्रत्येक वाटेने आलेला पैसा काय करू देतो आणि कुठे थांबतो, एवढंच पाहू.

भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि कृषी विद्यापीठं: परिषद १९२९ सालची. आपल्या राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. परिषदेच्या पैशावर चालणारी कृषी विज्ञान केंद्रं ही विस्ताराची मुख्य यंत्रणा. पहिलं केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीला सुरू झालं, आज देशात सातशेहून जास्त आहेत. केंद्रांच्या कामाचे दोन प्रकार समजून घ्या. 'शेतावरील चाचणी' म्हणजे तंत्रज्ञान स्थानिक परिस्थितीत चालतं का, हे तपासणं. 'आद्यरेखा प्रात्यक्षिक' म्हणजे सिद्ध झालेलं तंत्रज्ञान शेतकऱ्याच्या शेतावर दाखवणं. तुम्हाला बहुधा पहिल्याची गरज असते आणि ओळख मात्र दुसऱ्याची करून दिली जाते.

आदिवासी आणि अनुसूचित जाती उपयोजना: आदिवासी उपयोजनेची कल्पना पाचव्या पंचवार्षिक योजनेपासूनची. संशोधन संस्थांनाही या शीर्षाखाली राखीव निधी मिळतो. तो गरजेचा आहे, पण त्याचा मोठा भाग प्रशिक्षणावर आणि बियाणं, अवजारं, फवारणी पंप, कोंबड्या अशा वाटपावर जातो. वाटलेल्या वस्तू मोजता येतात, फोटो काढता येतो. प्रश्न विचारण्याचं काम मोजायला अवघड.

केंद्रीय विज्ञान विभाग: विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा 'सीड' हा उपविभाग समाजातल्या दुर्बल घटकांसाठीच्या विज्ञानाला निधी देतो, आणि त्यात स्वयंसेवी संस्थाही अर्ज करू शकतात. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१७ मध्ये शेतकरी आणि शास्त्रज्ञ यांना जोडणारा 'बायोटेक-किसान' कार्यक्रम सुरू केला. मूलभूत संशोधनासाठी पूर्वी जे 'सर्ब'कडे जायचं, ते आता २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे जातं.

नाबार्ड आणि सीएसआर: नाबार्डचा कृषी क्षेत्र प्रोत्साहन निधी छोट्या, नव्या प्रयोगांना मदत करतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हा पैसा लवकर मिळतो, पण बऱ्याचदा तो एका वर्षाचा असतो आणि त्याला 'लाभार्थी किती' याचा आकडा हवा असतो. नियंत्रण गटाला 'लाभार्थी' म्हणायचं का, हा प्रश्न मग तुमच्यासमोर येतो.

या वाटा शेजारी शेजारी ठेवल्या की एक पोकळी दिसते. संशोधनाचा पैसा निष्कर्ष हातात आला की थांबतो. विस्ताराचा पैसा तंत्रज्ञान पूर्ण तयार झालं की सुरू होतो. 'हे या गावाला, या मातीला, या बाईच्या कामाच्या वेळापत्रकाला झेपतं का, आणि नसेल तर काय बदलायचं' हे तपासण्याचा पैसा कोणाच्याच शीर्षात नीट बसत नाही. वंचित शेतकरी नेमका या पोकळीत सापडतो. बागायतदाराला फारसा फरक पडत नाही, कारण संशोधन केंद्राची परिस्थिती आणि त्याच्या शेताची परिस्थिती पुष्कळशी सारखी असते.

पोकळी भरली तर काय होतं: कलिंगा-३ ची गोष्ट

१९९० च्या दशकात गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश जिथे एकमेकांना भिडतात, त्या भिल्ल आदिवासी पट्ट्यात एक कोरडवाहू शेती प्रकल्प चालू होता. कृभको ही सहकारी संस्था, ब्रिटिश सरकारचा विकास निधी आणि वेल्समधल्या बँगोर विद्यापीठाचे संशोधक असा तो त्रिकोण होता. प्रश्न साधा होता: सरकारने शिफारस केलेले भाताचे वाण या डोंगराळ, पावसावरच्या जमिनीत कोणी लावत का नाही?

नेहमीचं उत्तर तयार असतं. शेतकऱ्यांना माहिती नाही, प्रबोधन करा. या गटाने उलट वाट धरली. आधी शेतकरी कोणते वाण लावतात, त्यांत त्यांना काय आवडतं आणि काय नडतं, हे विचारलं. मग त्या गुणांशी जुळणारे वाण शोधले, आणि ते शोधताना फक्त त्या राज्याच्या शिफारस यादीपुरतं न थांबता इतर राज्यांत प्रसारित झालेले वाणही घेतले. बियाण्याच्या छोट्या पिशव्या दिल्या. शेतकऱ्यांनी नवा वाण स्वतःच्या वाणाशेजारी, स्वतःच्या पद्धतीने लावला.

कलिंगा-३ नावाचा, त्या भागासाठी शिफारस नसलेला भात लोकांना पसंत पडला. तो हळवा होता, म्हणजे लवकर तयार होणारा. पाऊस लवकर संपला तरी दाणा भरायचा, आणि घरातलं धान्य संपत आलेलं असताना नवा भात हाती यायचा. दाणाही खायला आवडला. त्याचा दोषही मोठा होता. खोड नाजूक, त्यामुळे तो लोळायचा. भरपूर खत-पाणी दिलेल्या चाचणीत लोळणारा वाण मागे पडतो. हलक्या वरकस जमिनीत, कमी खतात शेतकऱ्यांनी तो दोष पत्करला, कारण त्यांच्या हिशेबात आठवडाभर आधी येणारं पीक जास्त मोलाचं होतं.

गोष्ट इथे संपली नाही. 'हळवेपणा हवा, पण लोळणं नको' हा शेतकऱ्यांचा निकाल पुढच्या पैदास कार्यक्रमाचा प्रश्न झाला. कलिंगा-३ आणि आयआर-६४ यांच्या संकरातून, रांचीच्या बिरसा कृषी विद्यापीठासोबत, शेतकऱ्यांच्या निवडीतून अशोका २००एफ आणि अशोका २२८ हे वाण आले. झारखंडमध्ये ते बिरसा विकास धान १०९ आणि ११० या नावांनी प्रसारित झाले.

निधीच्या नजरेने याचं वाचन करा. इथे पैसा महागड्या यंत्रावर गेला नाही. तो गावात राहून विचारण्यावर, छोट्या पिशव्यांवर आणि पुढच्या हंगामात परत जाऊन 'पुन्हा लावला का, शेजाऱ्याला दिला का' हे पाहण्यावर गेला. विस्तार आधी झाला आणि त्यातून संशोधनाचा प्रश्न निघाला. शेवटच्या परिच्छेदात विस्तार ठेवणाऱ्या प्रस्तावात हा क्रम बसूच शकत नाही.

आपल्याकडचं उदाहरण: महाराष्ट्र जनुक कोश

परदेशी पैशाशिवाय असं होत नाही असं वाटत असेल, तर घरचं उदाहरण बघा. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या निधीतून २०१४ ते २०१९ या काळात महाराष्ट्र जनुक कोश कार्यक्रम राबवला गेला. त्यातल्या पिकांच्या भागात बाएफ या संस्थेने जव्हार, अकोले, धडगाव अशा आदिवासी तालुक्यांत काम केलं. बाएफ मूळची मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला स्थापन केलेली. जव्हारला भात आणि नाचणी, अकोल्यात भात आणि वाल, धडगावला मका आणि ज्वारी यांचे स्थानिक वाण गोळा करणं, त्यांची वैशिष्ट्यं नोंदवणं आणि गावातच बियाणे बँका उभ्या करणं, असं ते काम होतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्हाला माहीत आहेच. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

बियाणं जपण्याच्या दोन पद्धती आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेत बी उणे १८ अंश सेल्सिअसला दीर्घकाळ ठेवतात. ते गरजेचंच आहे. पण शीतगृहात बी पडून राहतं, पाऊस आणि रोग बदलले तरी त्याला कळत नाही. शेतात दरवर्षी पेरलेलं बी बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेत राहतं, आणि सोबत त्याची माहितीही जिवंत राहते: कोणता भात कोणत्या खाचरात, कोणता वाल कोणत्या महिन्यात. ही दुसरी पद्धत चालवणारी माणसं पगारावर नसतात. त्यांच्या कामाला निधी मिळाला तो 'जनजागृती' म्हणून नाही, तर विज्ञान आयोगाच्या संशोधन कार्यक्रमाचा भाग म्हणून. हा फरक मोठा आहे. एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला पाच वर्षांसाठी १७२.३९ कोटी रुपयांची मंजुरी दिली. सागरी जैवविविधतेपासून स्थानिक पीक वाण आणि देशी पशुधनापर्यंत सात विषय त्यात आहेत.

मात्र वर्षं नीट पाहा. पहिला टप्पा २०१९ ला संपतो, पुढची मंजुरी २०२२ ची. बियाण्याला असा मधला काळ परवडत नाही. साध्या डब्यात ठेवलेल्या बियाण्याची उगवणक्षमता दर हंगामात घटते, ते पेरून नवं करावंच लागतं. दोन ग्रँटच्या मधल्या काळात हा भार संस्था आणि गावं स्वतःच्या खांद्यावर उचलतात. तुमच्या प्रस्तावात 'प्रकल्प संपल्यावर काय' हा प्रश्न येईल तेव्हा हे आठवा.

जून आणि मार्च यांचं भांडण

सरकारी पैशाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. खरीप जूनला सुरू होतो. प्रस्ताव मंजूर होऊन पहिला हप्ता ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खात्यात आला, तर भाताची लावणी उरकलेली असते. पहिला खरीप गेला. दुसरा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र आणि खर्चाचं विवरण दिल्यावर सुटतो. ती कागदपत्रं विद्यापीठाच्या लेखा विभागात अडकली, तर दुसरा खरीप उसनवारीवर. म्हणजे कागदावर तीन वर्षांचा असलेला प्रकल्प शेतात दोन हंगामांचा असतो. त्यातला एक जरी दुष्काळी निघाला, तर तुमच्याकडे तुलना करायला काही उरत नाही.

प्रयोगशाळेत हा उशीर त्रासदायक असतो, शेतकऱ्यासोबत तो विश्वासघात ठरतो. त्याने तुमच्या शब्दावर पाच गुंठे मोकळे ठेवलेले असतात.

यावर उपाय साधे आहेत. पहिले सहा महिने पैसे उशिरा येतील असंच गृहीत धरून आखणी करा. त्या काळात गावं निवडणं, घरोघर बोलणं, मातीचे नमुने, बियाण्याची जुळवाजुळव ठेवा. शेतकऱ्याला 'यंदा लावू' असं पैसे खात्यात येईपर्यंत म्हणू नका. आणि बियाणं, नमुन्याच्या पिशव्या असं पुढच्या हंगामाचं साहित्य शक्य असेल तिथे चालू आर्थिक वर्षातच खरेदी करा.

एक बजेट, दोन प्रकारे

समजा, ३० लाखांचा तीन वर्षांचा प्रकल्प आहे. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, फक्त फेलोशिपचा दर खरा: जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,०००. घरभाडे भत्ता सोडला तर एका संशोधकाचे तीन वर्षांचे १३.९२ लाख होतात. उपकरणं ६ लाख, साहित्य व रसायनं ४ लाख, प्रवास १.५ लाख, आकस्मिक खर्च १.५ लाख, संस्थेचा ओव्हरहेड ३ लाख. बेरीज २९.९२ लाख. शेतकरी कुठे आहे? आकस्मिक खर्चात दडलेल्या शेवटच्या मेळाव्याच्या मंडपात आणि चहात.

आता समजा, सहा लाखांपैकी चार लाखांचं उपकरण न घेता ती चाचणी विद्यापीठाच्या सामाईक सुविधेत करायची ठरवलं. चार लाख मोकळे झाले. २४ शेतकरी कुटुंबं आणि तीन हंगाम धरले, तर ते असे वापरता येतात:

१. गावातली एक अर्धवेळ मदतनीस, दरमहा ८,००० प्रमाणे हंगामाचे पाच महिने: १.२० लाख.
२. नोंदी ठेवण्याचं मानधन, प्रत्येक कुटुंबाला हंगामाला १,५००: १.०८ लाख.
३. चाचणीच्या तुकड्यात पीक बुडालं तर भरपाई: ०.६० लाख.
४. दरवर्षी पेरणीआधी आणि काढणीनंतर गावात बैठक: ०.४५ लाख.
५. वाढीव प्रवास: ०.६७ लाख.

एकूण चार लाख. प्रकल्पाचा खर्च एक रुपयानेही वाढला नाही.

यातला तिसरा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा राहून जातो आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. नवा वाण किंवा कमी खताची पद्धत फसली, तर संशोधकाला 'नकारात्मक निष्कर्ष' मिळतो, त्याचाही पेपर होतो. शेतकऱ्याला मिळतो रिकामा कणगा. सधन शेतकरी ही जोखीम घेऊ शकतो, गरीब घेऊ शकत नाही, म्हणून गरीब तुमच्या चाचणीला नकार देतो. मग आपण लिहितो, 'लहान शेतकऱ्यांचा प्रतिसाद कमी होता.' भरपाईचा रकाना असेल तर तुमचा नमुनाच बदलतो.

दोन सूचना. प्रकल्प सुरू झाल्यावर उपकरणांच्या शीर्षातले पैसे मानधनाकडे वळवायला निधी देणाऱ्या संस्थेची परवानगी लागते, आणि ती सहज मिळत नाही. म्हणून हे मूळ प्रस्तावातच लिहा. दुसरं, 'भरपाई' हे शीर्ष अनेक ठिकाणी नसतं. अशा वेळी निधी देणाऱ्या संस्थेला आधीच विचारून ते 'क्षेत्रीय चाचणी खर्च' अशा स्वरूपात, कारणासह मांडा. लपवून घालू नका, लेखापरीक्षणात ते तुमच्याच अंगाशी येईल.

'पण मग ते विज्ञान राहतं का?'

मुलाखतीत हा प्रश्न येणारच. २४ शेतकरी, २४ तऱ्हेची माती, प्रत्येकाची वेगळी पद्धत, मग पुनरावृत्ती कुठे? उत्तर तयार ठेवा.

एक मार्ग 'आई-बाळ' चाचणीचा. मलावीमध्ये १९९० च्या दशकात सीगलिंड स्नॅप यांनी ही रचना विकसित केली. एका ठिकाणी सगळे वाण, सगळ्या पुनरावृत्त्यांसह, शास्त्रीय शिस्तीत लावायचे. ही आईचाचणी. भोवतालच्या शेतकऱ्यांनी त्यातले दोन-तीनच वाण आपल्या पद्धतीने लावायचे. या बाळचाचण्या. आईकडून नेमकेपणा मिळतो, बाळांकडून खरी परिस्थिती.

दुसरा मार्ग 'ट्रायकॉट'. प्रत्येक शेतकऱ्याला अनेक वाणांपैकी कोणतेही तीन, नावं न सांगता द्यायचे. त्याने मोजमाप करायचं नाही, फक्त सांगायचं: सगळ्यात चांगला कोणता, सगळ्यात वाईट कोणता. अशा शेकडो छोट्या क्रमवारींवरून संख्याशास्त्र एकूण क्रम लावतं, आणि कोणत्या हवामानात कोणता वाण टिकतो हेही सांगतं. निकाराग्वा, इथिओपिया आणि भारतातल्या बारा हजारांहून जास्त शेततुकड्यांवरच्या माहितीचा असा अभ्यास २०१९ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे शेतातला विस्कळीतपणा इथे डेटाच आहे. तो तुमच्या आराखड्यात बसवायचा की बाहेर टाकायचा, हे तुम्ही ठरवता.

एक बारीक गोष्ट. शेतकरी पायलीत मोजतो, तुम्ही किलोत. पहिल्या हंगामाआधीच त्या गावची पायली तराजूवर मोजून घ्या. नंतर रूपांतर करत बसलात तर आकड्यांवरचा विश्वास जातो, तुमचाही आणि त्यांचाही.

गावातून जे आणता, त्याचं काय?

तुम्ही बी आणाल, माहिती आणाल. आणण्याआधी तीन गोष्टी तपासा.

जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिला भेटा, संमती लेखी घ्या. प्रकल्पात परदेशी संस्था भागीदार असेल तर राष्ट्रीय प्राधिकरणाच्या परवानगीचा प्रश्न येतो. तो गाईडसोबत पहिल्याच महिन्यात मिटवा.

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्यांना आपल्या वाणाची नोंदणी करता येते, तीही शुल्काशिवाय. तुमच्या अभ्यासातून एखाद्या स्थानिक वाणाची वैशिष्ट्यं नोंदवली गेली, तर तोच डेटा नोंदणीच्या अर्जाला उपयोगी पडतो. अर्ज गावाच्या किंवा शेतकऱ्याच्या नावाने भरायला मदत करणं हा खरा विस्तार. याच कायद्याखाली वाण जपणाऱ्या शेतकरी समुदायांना 'प्लांट जीनोम सेव्हियर' पुरस्कार मिळतो, समुदायासाठी रक्कम १० लाख. त्यासाठीही नोंदी लागतात.

तिसरं, निष्कर्ष परत न्या. पेपर छापून यायला दोन वर्षं लागतात, बियाण्याचा निर्णय मे महिन्यात होतो. काढणीनंतरच्या बैठकीत एका कागदावर प्रत्येक शेताचा आकडा, फसलेल्या तुकड्यांसह, वाचून दाखवा. आणि तिथे जो प्रश्न उभा राहील तो वहीत लिहून आणा. कलिंगा-३ लोळतो, हा असाच कोणाच्या तरी शेतात निघालेला प्रश्न होता.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा एवढं करा: प्रस्तावना बाजूला ठेवा आणि बजेटचा तक्ता आधी उघडा. प्रत्येक ओळीपुढे लिहा, हा पैसा कोणाच्या हातात जाणार. पुरवठादार, संशोधक, विद्यापीठ, प्रवास कंपनी. यादी संपली आणि शेतकरी कुठेच आला नाही, तर पहिल्या पानावरचं त्याचं नाव खोडा, किंवा तक्ता बदला. तक्ता बदलणं तुलनेने सोपं आहे. अजून मंजुरी आलेली नाही, तोवरच.